मुका पंखा

माझी थोरली बहीण उषाआक्का जालन्यात घरीच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, वकिलांचे अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देते. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तिला त्या कॉम्प्युटरसाठी आवाज न करणारा पंखा पाहिजे होता, आणि त्यापायी तिनं मला भर मे महिन्यात बाजारभर फिरवलं. मी तहसीलचा कारकून. लोक म्हणतात, आम्ही त्यांना खेटे घालायला लावतो. असतील घातले त्यांनी. ते सगळे आक्कानं माझ्याकडून व्याजासकट वसूल केले.

आमचं गाव टेंभुर्णी. आक्काचं लग्न एक्क्याऐंशी साली झालं. नवरा हसनाबादचा, नाव रामकिसन; आम्ही त्यांना दाजी म्हणतो. दाजी जालन्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं तिथं ओळीनं धडधडत असायची आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. ती सवय घरी आली. त्यांनी आक्काला “चहा टाक” म्हटलं की शेजारीण आपलंच पातेलं चुलीवर ठेवते, असं आम्ही चिडवायचो. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हा मांडवाबाहेर बांधलेला बैल दावं तोडून पळाला होता. हे खोटं वाटत असेल तर टेंभुर्णीत कुणालाही विचारा.

जिनिंगचं काम हंगामी. कापूस संपला की घरात दाजींचा आवाज तेवढा भरपूर, बाकी सगळं बेताचं. म्हणून आक्का मराठी टायपिंग शिकली. कोर्टाबाहेर लिंबाच्या झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसली, उन्हात-धुळीत वर्षं काढली. मुलीला शिकवलं, लग्न करून परभणीला दिलं. पुढं टाइपरायटरकडं कुणी बघेना, तेव्हा जुना कॉम्प्युटर घेऊन घराच्या बाहेरच्या खोलीत मांडला. आता जरा सावलीत बसेन, असं ती म्हणाली होती.

दोन हजार दोनमध्ये दाजींना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि आवाज गेला. पुरता गेला नाही. ओठ हलायचे, घशातून वाऱ्यासारखं काहीतरी यायचं, आणि कान जवळ नेला तर शब्द कळायचा. ज्या माणसाच्या हाकेनं गल्ली जागी व्हायची त्याला पाणी मागायचं तर बायकोचा कान तोंडापाशी लागायचा. मला ते बघवत नसे. मी जायचो, पेपर वाचून दाखवायचो आणि लवकर उठायचो.

घर दोन खोल्यांचं. आत दाजींची खाट, बाहेर आक्काचं टेबल, मध्ये पडदा. गिऱ्हाइकांनी आपल्याला असं पडलेलं बघू नये, हा दाजींचा हट्ट. त्यामुळं पडदा कायम ओढलेला. आणि त्या कॉम्प्युटरचा पंखा असा काही घरघरायचा की विचारू नका. शेजारी गादीवाला कापूस पिंजायचा. ते तंतू उडत येऊन डब्यात जायचे, पंख्याच्या पात्यांना गुंडाळायचे. पडद्यामागून दाजी हाक मारायचे ती टेबलापर्यंत पोचायचीच नाही. आक्का दर थोड्या वेळानं उठून आत डोकवायची, पुन्हा येऊन बसायची, कुठली ओळ चालू होती ते शोधायची. दिवसभर तिचं हेच. तिचे पाय सुजायचे.

“घंटी दे ना त्यांच्या हातात,” मी सुचवलं. शहाणपण सांगायला काय जातं!

तिनं देवघरातली घंटी दिलीही होती. दाजींनी डाव्या हातानं ती खाटेखाली टाकली आणि ओठ हलवले. आक्कानं कान लावून ऐकलं आणि मला सांगितलं, “म्हणतेत, घंटी वाजवून बायकोला बोलवायला मी काय साहेब हाये का?” अंग गेलं तरी पीळ गेला नव्हता.

मग एप्रिलमध्ये एक दिवस असा आला की लग्नसराईचं काम डोक्यावर, आक्का टायपिंगमध्ये बुडालेली, आणि ती आत गेली तेव्हा दाजींचं धोतर, अंथरूण सगळं ओलं. त्यांनी हाक मारली होती. किती वेळ मारली ते त्यांनी सांगितलं नाही. तोंड भिंतीकडं करून पडून राहिले. आक्कानं सगळं बदललं, पुसलं. संध्याकाळी मी गेलो तर ती ओट्यावर बसली होती.

“देवा,” ती मला म्हणाली, “मला त्यांची हाक ऐकू यायला पाहिजे. बाकी मला काई न्हाई पाहिजे. ह्या डबड्याचा आवाज बंद कर.”

मला कॉम्प्युटरमधलं तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. बाजारात संपत म्हणून एकाचं दुकान होतं, त्याला आणलं. त्यानं डबा उघडला, बोळाभर कापूस काढला आणि पंख्याच्या मधोमध शिलाई मशीनचं तेल सोडलं. पंखा गप्प झाला. चार दिवसांनी पुन्हा घरघर, आणि आता वर चिरकणंही.

म्हणून आम्ही नवा पंखा घ्यायला निघालो. संपतची पंखा पारखायची रीत अशी होती: वायर जोडायची, पंख्यासमोर कागद धरायचा, कागद फडफडला की मान डोलवायची.

“बघा मावशी, काय हवा फेकून राह्यला! आवाज ऐका ना. दमदार माल हाये.”

आमच्याकडं आवाज म्हणजेच दम. विहिरीवरची मोटार असो की पिठाची गिरणी, आवाज आला नाही तर माणूस आधी फ्यूज बघतो. आमच्या कचेरीतसुद्धा जो साहेब मोठ्यानं बोलतो तोच कामाचा समजतात. तेव्हा कुणी आवाज न करणारा पंखा मागतंय, हे संपतला समजेना. तो आपला दरवेळी आणखी दमदार पंखा काढायचा. आम्ही एक घरी नेला. तो जुन्यापेक्षा जोरात निघाला.

त्यात दुकानात काही ऐकू येईल तर शपथ. भारनियमन चालू, दारात जनरेटर, रस्त्यावर ऑटो. तिथं सगळेच पंखे मुके वाटायचे. घरी आणले की वाचा फुटायची. मी वैतागून म्हणालो, “आक्का, बस झालं. पंखा तसाच राहू दे आणि ऐकायला तिसरा कान भाड्यानं आण.” ती हसली नाही. तिनं संपतला विचारलं, “तुझं दुकान बंद कधी असतं?”

शुक्रवारी दुपारी बाजार बंद. त्या वेळी वीज असते, जनरेटर नसतो. संपत कुरकुरत आला. आक्कानं स्टुलावर पंखा चालू करायला लावला, स्वतः त्याला लागून बसली आणि मला दुकानाच्या पार मागच्या भिंतीपाशी उभं केलं.

“दाजीसारखं पाणी माग,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हंजे त्यांच्या आवाजात. मला ऐकू आलं की मी हात वर करते.”

मी चाळिशी गाठलेला सरकारी माणूस, अर्धं शटर ओढलेल्या दुकानात भिंतीला टेकून “पाणी... पाणी” असं घशातल्या घशात म्हणत उभा राहिलो. पहिल्या पंख्याला आक्काचा हात हलला नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याच्या वेळी संपत उठला आणि त्यानं मला माठातलं पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, उन्हानं मला भोवळ येतेय. मग आक्कानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं माझ्या हातातला ग्लास परत घेतला.

“मावशी, आधी सांगायचं ना,” तो म्हणाला. “मी तुम्हाला हवा विकून राह्यलो होतो.”

त्यानंतर त्याचं डोकं चालायला लागलं. आत नुसत्या नळीवर फिरणारे बुशवाले पंखे त्यानं बाजूला सारले. ते झिजले की घरघरणारच. छऱ्यांवर फिरणारा बेरिंगवाला घ्यायचा. आणि छोटा पंखा तेवढीच हवा फेकायला जीव तोडून फिरतो, म्हणून ओरडतो. मोठ्या पात्यांचा घेतला तर तो संथ फिरला तरी भागतं. एकच पंखा बदलून उपयोग नव्हता, हेही कळलं: एक गप्प बसला की दुसऱ्याचं ऐकू यायला लागतं. मागच्या वीजपेटीचा वेगळा, प्रोसेसरवरचा वेगळा; ते दोन्हीही त्यानं बदलले. मोठा पंखा जालन्यात नव्हता. तो संपतनं औरंगाबादहून मागवला. मग डब्याच्या पत्र्याला मोठं भोक पाडून तो बाजूनं बसवला आणि कापूस आत जाऊ नये म्हणून वर मच्छरदाणीचा तुकडा ताणला. हा तुकडा महिन्याला धुवायचा, असं त्यानं आक्काला बजावलं.

बसवला त्या दुपारी मी तिथंच होतो. संपतनं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. निदान मला तसं वाटलं. मी फ्यूज बघायला निघालो. आक्कानं डब्याच्या मागं तळहात धरला. “वारा येऊन राह्यला,” ती म्हणाली. संपतनं सामान गोळा केलं आणि जाताना, दरवेळी धाडकन लागणारं फाटक त्यानं हातानं धरून लावलं.

आक्का कामाला बसली. टेंभुर्णीच्या सर्जेरावाच्या मुलीची पत्रिका अर्धी राहिली होती. राजूरच्या गणपतीचं नाव वर घालून झालं होतं, खाली भावकीची नावं चढवायची होती. मी आत दाजींच्या पायथ्याशी पेपर उघडला. घरात बटणांचा टकटक आवाज आणि शेजारी पिंजण, एवढंच. दाजींचे डोळे मिटलेले होते. मग त्यांचे ओठ हलले, घशातून ते वाऱ्यासारखं आलं, आणि बाहेरची टकटक थांबली.

“आले, आले,” आक्का पडदा सारून आत आली. तिच्या तोंडावर इतका आनंद मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. “ऐकू आलं मला! पाणी देऊ?”

दाजींनी मान हलवली. नको.

“मंग? संडासला?”

ते पुन्हा बोलले. आता घर इतकं शांत होतं की मलाही बसल्या जागी ऐकू आलं.

“उषे, बस कर. टेक जरा.”

आक्काला वाटलं, उशी पाहिजे. ती उशी सारखी करायला वाकली. त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. “तू टेक म्हणून राह्यलो. रोजच म्हणतो. तुला ऐकूच येत न्हाई.”

दोन वर्षं हा माणूस पडद्यामागून हेच म्हणत होता. कधी पाणीही मागत असेल, पण बाकी वेळ हेच. ती जवळ आली की गोळी, दूध, कूस बदलणं. आणि समोरासमोर असं काही बोलायची दाजींना जन्मात सवय नव्हती. जिनिंगमध्ये माया सुद्धा ओरडूनच करावी लागत असणार. मी पेपर तोंडासमोर धरला.

आक्का उंबऱ्यावर बसली. रडेल असं वाटलं. पण माझ्याकडं बघून म्हणाली, “ऐकू येत नव्हतं तेच बरं होतं रे देवा. काम तरी व्हत होतं.”

“पत्रिका?” मी विचारलं.

“राहू दे.”

तिनं सतरंजी ओढली, खाटेला लागून टाकली आणि कुशीवर झाली. लगेच झोप लागली तिला. वीस-बावीस वर्षांत मी माझ्या बहिणीला दुपारी झोपलेलं बघितलं नव्हतं. तिच्या पायांना भेगा होत्या, बोटं झोपेतही मधूनच हलत होती. कॉम्प्युटर बाहेर तसाच चालू होता. तो बंद करायला पाहिजे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण आवाजच नव्हता.

उन्हं उतरल्यावर सर्जेराव आला. फाटकातूनच ओरडला, “झाली का ओ बाई पत्रिका?” आणि सरळ बाहेरच्या खोलीत शिरला. पडदा उघडाच राहिला होता. तो ओढायला मी घाईनं उठलो, पण दाजींनी डाव्या हातानं मला अडवलं. सर्जेरावाला ते खाटेवर पडलेले, वाकड्या तोंडाचे, सगळे दिसत होते. त्याच हाताचं बोट त्यांनी ओठांवर ठेवलं.

“हळू,” ते म्हणाले. “निजलीय ती.”

सर्जेरावाला ते उंबऱ्यापलीकडं ऐकू गेलं. त्यानं चपला काढून हातात घेतल्या आणि ओट्यावर जाऊन बसला.