साहेबाच्या मापाची रायफल

ढाणकीजवळच्या एका तांड्यावर देवसिंग नाईक राहत, आणि त्यांच्या घरात एक रायफल राहत असे. दोघांत मान कोणाचा मोठा, हे तांड्यात कोणी उघड बोलत नसे. पाहुणा आला की आधी रायफलीची खुशाली विचारली जाई आणि मग नाईकांची, एवढं मात्र खरं.

रायफल विलायती, एकनळी. जंगल खात्यातल्या एका गोऱ्या साहेबानं ती स्वतःसाठी मुद्दाम बनवून घेतली होती. नाईकांचे वडील भीमसिंग हे साहेबाचे शिकारीतले वाटाडे. सत्तेचाळीस साली साहेब देश सोडून निघाला तेव्हा त्यानं बिऱ्हाड वाटून टाकलं. खानसाम्याला पलंग मिळाला, भीमसिंगांना रायफल. खानसामा पलंगावर झोपला आणि विषय संपला. रायफलीवर मात्र कोणाला झोपता येत नसल्यामुळे तिचा विषय पुढच्या पिढीत गेला.

तिचं सगळं वैभव दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या लाकडी भागात होतं. अक्रोडाचं लाकूड, एका कारागिरानं हातानं कोरलेलं. त्यात काळसर रेषा अशा फिरलेल्या, की वाटावं चुलीचा धूर लाकडात शिरला आणि वाट न सापडल्यानं तिथंच राहिला. मुठीच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढ्या चौकटी कोरलेल्या, घामेजलेला हात घसरू नये म्हणून. आणि दस्त्याच्या उजव्या अंगाला, पुरी अर्धवट फुगावी तसा, एक गुळगुळीत उंचवटा. हा उंचवटा कशासाठी, यावर तांड्यात जेवढं बोलणं झालं तेवढं विहिरीच्या जागेवरही झालं नसेल.

नाईक रोज सकाळी ओट्यावर बसून दस्त्याला जवसाचं तेल लावत. बोटाला लागेल एवढंच तेल, आणि तळहात तापेपर्यंत चोळणं. नळीकडे ते फारसं पाहत नसत. लोखंड काय, लोहाराकडेही असतं. त्यांची बायको मानीबाई जात्यावरून हे सगळं पाहत असे. लग्नाला इतकी वर्षं झाली, माह्या केसाले या माणसानं कधी तेलाचं बोट लावलं नाई, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. नाईक ऐकत आणि चोळत राहत.

रविवारी दर्दी मंडळी जमत. त्यांचे म्होरके बाबाराव वकील. उमरखेडहून एस.टी.नं यायचे, धोतराचा सोगा सावरत सतरंजीवर बसायचे आणि रायफल मांडीवर घेऊन डोळे मिटायचे. डोळे मिटून लाकूड जास्त दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मीही त्या सतरंजीवर बसलो आहे आणि चहाच्या कपाबरोबर मानही हलवली आहे. उंचवट्याबद्दल बाबारावांचा सिद्धान्त ठरलेला होता. काम करता करता कारागिराला जिथं आनंद झाला, तिथं लाकूड फुगलं. हे ऐकल्यावर नाईकांनी दसऱ्याच्या शस्त्रपूजेत त्याच जागी हळदकुंकू वाहायला सुरुवात केली. तेल आणि कुंकू यांचा वर्षानुवर्षांचा थर बसून ती जागा शेंदऱ्या मारुतीसारखी झाली.

ही रायफल उडवताना कोणी पाहिली नव्हती. दरवर्षी रानडुकरं नाल्यातून वर येऊन तांड्याचा भुईमूग उकरून खात. लोक टिनाचे डबे बडवत आणि नाईकांच्या ओट्याकडे पाहत. नाईक म्हणत, "एवढ्या लाकडाले धक्का कायले द्याचा?" लोक पुन्हा डबे बडवायला लागत. डुकरांनाही कलेची एवढी कदर असलेला नाईक दुसऱ्या कुठल्या तांड्यात मिळाला नसता.

खरं कारण मानीबाईला ठाऊक होतं. वडील असतानाच नाईकांनी एकदा नाल्यात एकट्यानं बार उडवून पाहिला होता. साहेब ताडासारखा उंच, त्याचे हातही तसेच. नाईक ठेंगणे. साहेबानं शिंप्याकडून कोट शिवावा तसा तो दस्ता आपल्या मापानं करून घेतला होता, आणि नाईकांच्या खांद्याला तो मोठ्या भावाच्या कोटासारखा बसला. नेम धरायला मान वाकडी करावी लागली आणि बार उडाल्यावर दस्त्यानं गालावर असा ठोसा दिला, की नाईक आठ दिवस दाढ दुखते म्हणून घरात बसले. त्यानंतर ते रसिक झाले.

हे सगळं त्रेसष्ट साली बिघडलं. नवे नायब तहसीलदार तरुण होते आणि कागदावर लिहिलेलं खरं मानायची त्यांना खोड होती. नाईकांचा परवाना पीकसंरक्षणाचा होता. त्यांनी विचारलं, कोणतं पीक वाचवलं? नाईकांनी बाबारावांकडे पाहिलं. बाबारावांनी लाकूड, कारागिरी आणि मानवी संस्कृती यांवर भाषण केलं. नायब तहसीलदारांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, इतकी मोलाची वस्तू असेल तर ती सरकारातच जमा असलेली बरी. पोळ्यानंतर ते स्वतः तांड्यावर येणार होते. तेव्हा एक तरी डुक्कर पडलेलं दिसलं तर परवाना चालू, नाही तर रायफल ठाण्याच्या मालखान्यात.

मालखाना नाईकांनी पाहिलेला होता. जप्तीच्या सायकली, मोहाच्या दारूचे डबे, आणि भिंतीतून वर चढत आलेली, लाकूड फस्त करणारी उधई. त्या रात्री नाईक जेवले नाहीत. रायफल गेली तर जाऊ दे, पण अक्रोड उधईच्या तोंडी, हे त्यांना पाहवत नव्हतं.

मानीबाईनं साधा उपाय सांगितला. सुताराला बोलवा, मागून चार बोटं कापा, मापात येईल.

"त्यापरीस माहे पाय काप," नाईक म्हणाले.

"पाय कापून तं अजून बुटके व्हाल," ती म्हणाली आणि दळायला लागली.

शेवटी नाईकांनी स्वतःच मन घट्ट केलं. तांड्यासमोर, दिवसाढवळ्या, शेताच्या धुऱ्यावर उभं राहून त्यांनी भुईमुगात शिरलेल्या एका डुकरावर नेम धरायला रायफल उजव्या खांद्याला लावली. मान वाकडी केली, डोळे मिटले. बार झाला. डुक्कर निघून गेलं. गोळी बुजगावण्याला लागली आणि ते कंबरेतून मोडून पडलं. इतकी वर्षं त्या शेताची राखण इमानानं करणारं तेवढं एकच होतं.

नाईकांचा गाल पावासारखा सुजला. ते ओट्यावर टेकले आणि मानीबाई हळद उगाळायला आत निघाली. तेवढ्यात उकंडा जवसाचं तेल घेऊन आला. ढाणकीच्या तेलघाणीवर तो पोती वाहायचा. उंच, लांब हातांचा, डावखुरा. दुसऱ्या महायुद्धात फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेला. फौजेनं त्याला उजव्या खांद्यानं बंदूक चालवायला शिकवलं होतं, कारण डावखुरेपणा सरकारला मंजूर नव्हता. छप्पन साली त्यानं दीक्षा घेतली. त्या दिवसापासून गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, आणि गावाला अजून ते आठवत होतं. तेलाची बाटली मात्र तो ओट्याखाली उभा राहूनच देत असे. ती रीत दीक्षेआधीची होती आणि ती बदलायची कोणाच्या ध्यानात आली नव्हती. निदान ओट्यावरच्यांच्या तरी.

हळद लावायची तर रायफल आड येत होती. तिनं नाईकांच्या मांडीवरची रायफल उचलली आणि उकंडाच्या हातात दिली. "धर जराशी."

उकंडानं धरली. आणि सवयीनं म्हणा, कुतूहलानं म्हणा, खांद्याला लावली. डाव्या. मान वाकडी झाली नाही. डावा गाल आपसूक त्या उंचवट्यावर जाऊन टेकला, उशीवर टेकावा तसा. लांब हातात मूठ बसली, बोट चापावर पोहोचलं. कारागिराला आनंद कुठं झाला होता, ते एवढ्या वर्षांनी कळलं. साहेब डावखुरा होता.

मानीबाई हळदीची वाटी घेऊन उंबऱ्यावर थांबली. "हे तं याच्याच मापाचं हाय," ती म्हणाली.

नाईकांनी सुजलेला गाल हातानं धरला. आपल्या देवघरातला देव दुसऱ्याच कुळाचा निघाला, तर माणूस दुसरं करणार काय?

पुढचं बोलणं मानीबाईनंच चालवलं. डुक्कर मारशील का, असं तिनं विचारलं. उकंडा मारायला तयार होता. पैसे नकोत, धान्य नको. तो बराच वेळ रायफल खांद्यावरून उतरवत नव्हता. मग म्हणाला, "पण नायक, घेनार तं ओट्यावर येऊन, सतरंजीवर बसून घेनार. खालतून नाई."

हे अवघड होतं. तांड्याचं एक वेळ चाललं असतं. तांडाही पूर्वी गावाबाहेरच उतरायचा आणि त्यालाही कोणी ओट्यावर घेत नसे. पण हे जितकं खरं, तितकीच ते विसरायची नाईकांना घाई होती. शिवाय सतरंजीवर बाबाराव बसत. नाईकांनी सतरंजीकडे पाहिलं, मग दस्त्याकडे पाहिलं. मग बहुधा उधईही आठवली.

"सतरंजी रुंद हाय," मानीबाई म्हणाली. "वकील जरासे सरकतील."

रविवारी वकील सरकले. जरासे नाही, पार भिंतीला टेकेपर्यंत सरकले, आणि तिथून समतेवर चार चांगली वाक्यं बोलले. उकंडा मधोमध मांडी घालून बसला. चहा घेतला, रायफल घेतली, उंचवट्यावर गाल टेकवून नेम धरून पाहिला. त्यानं डोळे मिटले नाहीत. बाबारावांच्या लेखी ही मोठीच उणीव होती.

नायब तहसीलदार ठरल्या दिवशी सकाळीच आले. तांड्यानं नाल्याच्या वरच्या अंगानं हाका घातला. डबे तेच, बडवणारे तेच, फरक एवढाच की या वेळी आवाजाला अर्थ होता. एक एकुलगं, कळप सोडून एकटंच हिंडणारं डुक्कर झुडपातून सुटून भुईमुगावर आलं. उकंडानं डाव्या खांद्यानं एक बार उडवला आणि डुक्कर तिथंच बसलं, मग कलंडलं. उकंडानं रायफल खाली घेतली. त्याच्या डाव्या गालावर तेलकट कुंकवाचा गोल शिक्का उमटला होता. साऱ्या दसऱ्यांची पूजा एकदम त्याला पावली होती. नाईक गडबडून म्हणाले, अरे, पुसून टाक, तुमच्यात चालत नसल.

"पुसतो," उकंडा म्हणाला. "पण नायक, तुमचा देव थोडा तेलकट हाय."

तहसीलदारांनी रायफल हातात घेऊन फिरवून पाहिली आणि बाबारावांना विचारलं, हा उंचवटा गाल टेकवण्यासाठी आहे ना? बाबाराव म्हणाले, एक मत तसंही आहे.

डुक्कर उचलायची वेळ आली.  सगळ्यांच्या माना वळल्या, सवयीनं, उकंडाकडे. मेलेलं जनावर म्हटलं की गावाच्या माना अजून तिकडंच वळत. उकंडानं रिकामं काडतूस खिशात टाकलं.

"मारनं माह्याकडं होतं," तो म्हणाला. "वाहनं तुमच्याकडं. तुमच्या आज्यानं बैलावर मीठ लादून मुलूख पालथा घातला, नायक. तुमाले एक डुक्कर जड होऊन राह्यलं का?"

मानीबाई हसली. तिच्यामागं बायका हसल्या. मग नाईकांनाच खांदा द्यावा लागला. बांबूचं एक टोक नाईकांच्या खांद्यावर, दुसरं पुतण्याच्या. नाईक बुटके, त्यामुळे सगळं वजन त्यांच्याकडे उतरलं. त्या खांद्यावर पहिल्यांदा काही बरोबर बसलं, असं मानीबाई नंतर सांगे.

परवाना राहिला. पण तहसीलदारांनी त्यावर एक ओळ वाढवली, की मालक देवसिंग नाईक, आणि मालकातर्फे ती चालवणारा उकंडा. कायद्यात तशी सोय होती. नाईकांना ती वाचून दाखवली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, रायफल रात्री कोणाच्या घरी राहणार? तुमच्याच, असं उत्तर मिळाल्यावर ते जेवले.

अशी व्यवस्था लागली. रानडुकरांच्या दिवसांत उकंडा सकाळी येई, ओट्यावर चढे, चहा घेई आणि रायफल घेऊन जाई. परत आणे तेव्हा नाईक ती उजेडाकडे धरून ओरखडा शोधत. रायफलीचे मालक ते, आणि तेल लावणारेही तेच. हे दुसरं काम मोठ्या घरांतून सहसा नोकर करतो, असं बाबाराव एकदा म्हणाले. त्यानंतरचे दोन रविवार त्यांना चहा मिळाला नाही.

त्या साली दसऱ्याला रायफल पाटावर मांडली. नाईकांनी कुंकवाची कोयरी घेतली आणि बोट उंचवट्यापर्यंत नेलं. ती जागा आता स्वच्छ होती. उकंडानं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं सगळा थर काढला होता, आणि खाली अक्रोडाच्या रेषा अशा निघाल्या होत्या, की नाईकांनी आयुष्यात कधी पाहिल्या नव्हत्या. बोट तसंच थांबलं. ओट्यावर उकंडा वाट पाहत बसला होता. नाल्यात डुकरं उतरली होती.

"त्याच्या गालाले लागते," मानीबाई हळूच म्हणाली.

नाईकांनी बोट तिथून उचललं आणि कुंकू नळीला लावलं. लोखंडाला कुंकू लागायची ती पहिलीच वेळ.