मामींचा कोलम आणि गिरणीतला गुंडू

सासरकडून लग्नात काही घेणार नाही, असं मी चारचौघांत ठणकावून सांगितलं होतं. त्याला दोन महिने होतात न होतात, तोच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तासगावात सासूबाईंच्या दारी गाडीच्या मागच्या सीटवर जुनी सतरंजी अंथरत होतो आणि माझी बायको अनघा त्या सतरंजीवर आंदण बसवत होती. आंदणाचं नाव गुंडू. वय आठ, जात गावठी, रंग पिठाचा.

हा रंग त्याला बसल्या जागी मिळाला असावा. अनघाच्या घरची पिठाची गिरणी होती आणि गुंडू लहानाचा मोठा झाला तो चक्कीच्या तोंडाखाली. सांडलेलं पीठ चाटणं हे त्याचं काम, आणि ते त्याने एक दिवसही खाडा न करता केलं. गेल्या वर्षी सासरे वारले, गिरणी विकली, आणि आता सासूबाई मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या. तिथल्या सुनेला कुत्र्याच्या केसांनी दमा होतो. राहिलो आम्ही. लग्न ठरताना अनघाने एकच अट घातली होती, की चेन्नईला येईन, पण गुंडूला सोडून येणार नाही. मी लगेच हो म्हटलं होतं. त्या वेळी मी काहीही कबूल केलं असतं.

मिरजेला आमच्या घरी थांबलो तेव्हा आईने डिकी भरली. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, खर्डा, ज्वारीचं पीठ, आणि नव्या संसाराला हवीच म्हणून रांगोळीची चार पाकिटं, एक पांढरं, तीन रंगीत. रांगोळी चेन्नईतही मिळत असेल, असं मी म्हणालो. त्यावर आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि पाकिटं चटणीच्या डब्याशेजारी ठेवली.

बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग करत पहिला मुक्काम तुमकूरला. लॉजवाला कुत्र्याला घेईना. अनघाने त्याला दाण्याची चटणी आणि दोन भाकऱ्या दिल्या, तेव्हा त्याने मागची खोली उघडली आणि चटणी कशी करतात ते तिला दोनदा विचारून घेतलं. आमच्या लग्नानंतरचा हा पहिलाच लांबचा प्रवास. नव्या जोडप्याने एकमेकांशी काय बोलायचं याच्या मी काही कल्पना केल्या होत्या. प्रत्यक्षात आम्ही नऊशे किलोमीटर गुंडूला गाडी लागेल का, यावर बोललो. वेल्लोरजवळ ती लागली, तीही माझ्या ऑफिसच्या बॅगेवर.

वेलचेरीत आम्हाला घर मिळालं होतं ते मराठी असण्याच्या पुण्याईवर. घरमालकीण वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. माहेर-सासर दोन्ही तंजावरचं, मराठी, पिढ्यानपिढ्या तिकडेच रुजलेलं. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणते, म्हणून आम्हीही. त्यांचं मराठी जुनं आणि त्याला तमिळ हेल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, की जुन्या पेटीतली जरीची साडी कोणीतरी रोजच्या घरात नेसली आहे. पुण्यात असंच बोलतात ना, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणून टाकलं.

घरासमोर सहा उंच पायऱ्या. इथे पाणी भरतं, त्यामुळे जुनी माणसं घर आधी उंच करतात आणि मग सुंदर. पहिल्या पायरीपुढच्या फरशीवर तांदळाच्या पिठाचा कोलम (तिकडची ठिपक्यांची रांगोळी) होता, इतका नेटका की मी गाडीतली पिशवी उचलून त्याला वळसा घातला. गुंडूचं नाव ऐकून मामी हसल्या. तमिळमध्ये गुंडू म्हणजे लठ्ठ. त्याला बघून मात्र त्या हसायच्या थांबल्या. घर ठरवताना कुत्र्याचा विषय मी फोनवर काढला नव्हता. काढला असता तर घर मिळालं नसतं, आणि न काढल्यामुळे आता जाणार होतं. मामींनी गुंडूला नाकापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं.

"पोंगलपर्यंत बघूं," शेवटी त्या म्हणाल्या. "त्रास झाला तर कुत्रा जाईल. तुमी राहा."

अनघाने ते ऐकलं आणि गुंडूचा पट्टा हाताला आणखी एक वेढा देऊन धरला. पोंगल म्हणजे आपली संक्रांत. आमच्या हातात सव्वा महिना होता.

संसार सुरू झाला. माझं ऑफिस सिरुसेरीला, अनघाचं पेरुंगुडीला. ती शेअर रिक्षाने जाते आणि गर्दीत कोणाच्या मांडीवर किती पिशव्या होत्या, ते संध्याकाळी येऊन सांगते. स्वयंपाक आम्ही वाटून घेतला, म्हणजे भाकरी तिची आणि ती चांगली झाली म्हणायचं काम माझं. आईचं पीठ संपल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात चोळम (ज्वारी) मिळाली. पहिली भाकरी गुंडूची असते. त्याने खाल्ली तर दुसरी माझ्या ताटात पडते. एकदा त्याने पहिली भाकरी तोंडात धरून बागेत पुरली, त्या दिवशी आम्ही इडल्या मागवल्या. मामी अधूनमधून वरून वाटी पाठवत. चिंचगुळाचं सांबार त्यांच्या लोकांनीच इकडे आणलं असा त्यांचा दावा आहे आणि ते चाखून मी तो मान्य केला आहे.

गुंडू दिवसभर शहाण्यासारखा पडून असे. भुंकला नाही, चावला नाही, कोणाच्या चपला पळवल्या नाहीत. आम्ही मनातल्या मनात पोंगल जिंकलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी त्याला फिरवायला काढलं, दाराला कुलूप लावायला वळलो, आणि परत पाहतो तर तो कोलमवर. चाटत नव्हता, दळण आवरत होता. डोळे मिटलेले, शेपूट संथ. आठ वर्षांच्या गिरणीतल्या नोकरीनंतर त्याला परगावी ओळखीचं काही भेटलं होतं.

अर्धा कोलम गेला होता. मामी साडेपाचला कोलम घालून वर जात आणि सातला दूध घ्यायला पुन्हा खाली येत. मला एकच सुचलं. आईचं पांढरं पाकीट आणलं आणि उरलेल्या अर्ध्यावरून अंदाज घेत बाकीच्या रेषा ओढल्या. माझा पेशा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा. स्वतः केलेली चूक लपवण्याचा अनुभव नवा होता, पण रेषा बऱ्या आल्या. अनघाला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्या दिवशी ठिपके मोजायला स्वतः हजर झाली. तुझ्या रेषा डावीकडे झुकतात, असं ती म्हणे. तू घाल मग, असं मी म्हणे. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून रोज नेमाने केलेलं पहिलं काम हेच.

दाराशी पट्टा घट्ट धरून पाहिला, गुंडूला उचलून पाहिलं. पिठाचा वास आला की तो अठरा किलोंचा अठ्ठावीस होतो. आपल्या रांगोळीला मात्र तो तोंड लावत नसे, त्यामुळे आमची दुरुस्ती दिवसभर टिकायची. मामी दूध घेताना फरशीकडे जरा जास्त वेळ पाहत, काही न बोलता वर जात. आम्ही खिडकीच्या पडद्याआड उभे राहून एकमेकांना टाळी देत होतो.

डिसेंबरच्या मध्यावर मार्गळी महिना लागला. या महिन्यात इकडे कोलम दुप्पट मोठे होतात, गल्लीत बायकांची अबोल चुरस लागते. एका सकाळी दार उघडलं तर सगळ्या घरांपुढे हे एवढाले कोलम, आणि आमच्यापुढे ओली स्वच्छ फरशी. ठिपकासुद्धा नाही. दार रात्रभर लोटलेलंच राहिलं होतं आणि गुंडू पायरीवर बसून जिभल्या चाटत होता. आजवर तो अर्धा खायचा, आज त्याने सगळा साफ केला, हे मी क्षणात ठरवलं. उरलेला नमुनाही समोर नव्हता. मग मी चारही पाकिटं आणली. कमळ काढलं, चार कोपऱ्यांत मोर काढले, लाल-पिवळं-निळं भरलं. आईने पाहिलं असतं तर तिला माझा अभिमान वाटला असता.

मोराची शेवटची पिसं भरत होतो तेव्हा एक भटजी पिशवी घेऊन फाटकातून आत आले. रांगोळी पाहून ते जागीच थांबले आणि दोन पावलं मागे गेले. वरच्या गॅलरीत मामी उभ्या होत्या. आज त्यांच्या यजमानांचं श्राद्ध होतं.

श्राद्धाच्या दिवशी दारात रांगोळी घालत नाहीत, हे मिरजेतही शेंबड्या पोराला माहीत असतं. मलाही माहीत होतं. मामींनी आज कोलम घातलाच नव्हता, एवढंच माहीत नव्हतं. मी बादलीने फरशी धुतली, अनघाने खराट्याने घासली. पांढरं गेलं, पण लाल आणि निळं दगडात उतरलं. भटजींना मोरांच्या पुसट सावल्यांवरून आत जावं लागलं. मामींनी वरून एवढंच सांगितलं, की श्राद्धाचं अन्न कुत्र्याच्या नजरेला पडू नये, त्याला दुपार होईपर्यंत बाहेर घेऊन जा.

आम्ही रजा टाकली आणि गुंडूला घेऊन बेझंट नगरच्या किनाऱ्यावर गेलो. गुंडूने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. लाट आली की तो माझ्या मागे येई आणि गेली की तिच्यावर भुंके, अगदी माझ्याच स्वभावाचा. एक सुंडल (नारळ घालून परतलेले हरभरे) विकणारी बाई आमच्याकडे पाहून तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. अनघाने तिच्याकडून दोन पुड्या घेतल्या. डब्यातल्या भाकऱ्या मात्र कोणी काढल्या नाहीत.

अनघा फोनवर कुत्रे सांभाळणाऱ्या संस्थांची माहिती वाचत होती. मग तिने फोन वाळूवर पालथा ठेवला.

"बाबा गेले तेव्हा हा तीन दिवस गिरणीच्या दारात बसून होता," ती म्हणाली. "याला मी आणखी एका दारात सोडून यायचं का रे?"

मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. दुसरं घर शोधू, असं मी म्हणालो, पण कुत्र्याला घेणारं घर मी आधी दोन महिने शोधलं होतं, ते तिलाही माहीत होतं. गुंडू दोघांच्या मध्ये येऊन बसला, ओला, वाळूने भरलेला. दुपारी आम्ही निघालो.

घरी पोचलो तर मामी पायरीवर बसल्या होत्या. मी गाडीतून उतरल्या उतरल्या सगळं कबूल करायला सुरुवात केली, चौथ्या दिवसापासूनचं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मला डोळे आहेत," त्या म्हणाल्या. "पीठ कोणी खावं म्हणूनच घालतें मी. मुंगी खाते, चिमणी खाते, तुमचा कुत्रा खाल्ला तर काय झालं? तुमी दगडाची पूड घातलां. ती कोण खाईल?"

सव्वाशे रेषा ओढून आम्ही गुंडूचा नाही, स्वतःचाच गुन्हा वाढवत होतो. मी मान खाली घातली. अनघाने हळूच विचारलं, की गुंडूला कधी न्यायचं. मामींनी सरकून तिला पायरीवर जागा करून दिली. मग त्यांनी श्राद्धाची हकीकत सांगितली. गच्चीवर पान ठेवलं, पण कावळा येईना. तास झाला, भटजी घड्याळ बघू लागले. काहीतरी इच्छा राहिली असेल, म्हणून मामींनी हात जोडून एकेक सांगायला घेतलं. मुलीला बोलावून घेतें, म्हणाल्या. कावळा नाही. गच्चीची गळती बंद करतें, म्हणाल्या. नाही. यजमानांचं व्हायोलिन विकणार नाही, म्हणाल्या. तरीही नाही.

"चाळीस वर्षं त्यांना कुत्रा पाळायचा होता. मी नको म्हणून सांगितलें," मामी म्हणाल्या. "शेवटी म्हटलं, बरं बाबा, खालचा कुत्रा राहील. लगेच आला. पान पुसून खाल्ला." त्यांनी गुंडूकडे पाहिलं. "गेले तरी हट्ट सोडला नाहीं."

अनघा हसायला लागली आणि मग रडायला. मामींनी तिला वर नेऊन जेवायला वाढलं. मी खाली बसून एकटाच डब्यातल्या भाकऱ्या खाल्ल्या, आणि त्या दिवशी त्या खरंच चांगल्या झाल्या होत्या.

संक्रांतीला आम्ही तिघं मिरजेला गेलो. रांगोळीची उरलेली पाकिटं आईला परत दिली. का, ते सविस्तर सांगावं लागलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं हे ऐकलं होतं, त्यातलं आंधळं कोण ते आज कळलं. सकाळी तिने दारात रांगोळी घातली. गुंडू गेला, हुंगलं, आणि मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की या घरात काही खायलाच घालत नाहीत.

पाच दिवसांनी परत वेलचेरीत शिरलो. प्रवासवर्णनाच्या शेवटी माणूस घरी येतो आणि जग हिंडून आपलंच घर बरं असं लिहितो. माझी पंचाईत अशी की मिरज सोडतानाही मी घरून निघालो होतो आणि इथे गाडी लावतानाही घरीच आलो होतो. फरशीवर मोरांची निळी सावली अजून होती. तिच्यावर मामींचा कोलम होता, आणि पायरीच्या कडेला आणखी एक, वाटोळा, ठिपक्यांशिवाय, जाडसर पिठाचा. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने सांगितलं, की आम्ही नसतानाही मामी रोज दोन घालत होत्या. दुसरा मुंग्यांनी खाल्ला.

मी दार उघडताच गुंडूने उडी मारली, आपल्या वाटोळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि सरळ मोठ्या कोलमच्या मध्यावर जाऊन डोळे मिटले. मी पट्टा ओढायला धावलो.

"खाऊं दे," वरून मामी म्हणाल्या. "प्रवासातून आलाय."