पैसे कुणी घेईना

म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत एका माणसाने आमच्या बाबांना जबरदस्तीने पैसे देऊ केले, आणि बाबा त्यावरून त्याच्याशी भांडले.

गोष्ट नव्वदीतली. मी मुरबाडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होतो (म्हणजे नाव घातलं होतं). आमचा डावा बैल दिवाळीत गेला आणि उजवा, सोन्या, एकटा उरला. उजव्या अंगाला चालायला शिकलेला बैल डावीकडे जुंपला की जागचा हलत नाही, म्हणून नेमका डावाच हवा होता. निघताना आईने बजावलं, "जोडी झाल्याबिगर येऊ नका. नायतर यंदा डावीकडं तुलाच जुंपते." ती माझ्याकडे बघून बोलत होती.

आमच्याकडे जोडीदार शोधायचा तर घरचा बैल आणि जू दोन्ही बाजारात नेतात, शेजारी उभं करून बघतात. सोन्याचा कासरा बाबांच्या हातात, जू माझ्या खांद्यावर. पहिलाच बैल बाबांना पसंत पडला. मी आडवा आलो.

"बाबा, पयल्यालाच हो म्हणायचं नसतं. आमाला शिकवलंय. शोधायच्या खर्चापेक्षा फायदा जास्त, तोवर शोधत राहायचं."

"खर्च कसला?"

"चालायचा."

"मग चाल," बाबा म्हणाले.

चाललो. दुसरा बुटका, तिसरा तापट, चौथा मला आवडला पण मी त्याला आवडलो नाही. दुपारी परत पहिल्याकडे आलो तर तो विकला गेलेला! (पुस्तकात हे पुढच्या धड्यात होतं.) बाबा नुसते जूकडे आणि माझ्या मानेकडे आळीपाळीने बघत राहिले. एका दलालाने तर विचारलंच, "काका, उजवा केवढ्याला? डावा राहू द्या, त्याला चष्मा हाय."

उन्हं कलताना समोरून एक काका आले. हातात एकच बैल, काळाभोर, सोन्याच्याच उंचीचा. सोन्या आपणहून त्याच्या उजवीकडे जाऊन उभा राहिला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लगेच उपरणं पुढे केलं.

जनावराचा भाव उपरण्याखाली बोटं दाबून होतो, तोंडाने चकार शब्द नाही, शेजारच्याला कळता कामा नये. बाबांनी पाच बोटं दाबली, म्हणजे पाच हजार. काकांनी चार. बाबा चमकले. आपण पाच देतोय आणि हा गडी चारच मागतोय! त्यांनी घाईघाईने मान हलवली. काकांनीही तितक्याच घाईने हलवली. मग दोघांनी एकदमच कनवटीला हात घातला आणि नोटा एकमेकांपुढे धरल्या.

"घ्या," बाबा म्हणाले.

"मला कशाला? तुमी घ्या. बैल मी घेतलाय."

"कुठला बैल?"

"हा तुमचा."

"तो इकायला नाय आणला. मी तुमचा घेतलाय."

"माझा बी नाय इकायचा. मी सकाळधरनं त्याला जोडीदार शोधतोय!"

भोवती माणसं जमली. पैसे नकोत म्हणून भांडण हा प्रकार त्या बाजाराला नवा होता. मी मध्ये पडलो, "हे बघा, पैसा हे विनिमयाचं साधन..."

"तू गप," दोघेही म्हणाले. त्यांचं झालेलं ते पहिलं एकमत.

शेवटी काहीच सुचेना म्हणून मी विचारलं, "काका, गाव कुठलं?"

"मूळ खर्डीचा. औंदा सासऱ्याची शेती करायला आलोय, वैशाखऱ्याला."

वैशाखरे म्हणजे आमच्या बांधावरून हाक मारली तर ओ येईल असं गाव. ज्याला दिवसभर मान मोडून शोधला, तो ओढ्यापलीकडे होता!

"मग इकायचं कशाला?" मी म्हणालो. "बैल ज्याचा त्याच्याकडं. जोडी आधी काकांच्या शेतात, मग आपल्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नोटा पुन्हा कनवटीला लावल्या. मी एवढा खूश झालो की जू खांद्यावर आहे हेच विसरलो. बाबांनी आईसाठी घोंगडी घेतली आणि आम्ही लढाई जिंकल्याच्या थाटात घरी पोचलो.

"बैल केवढ्याला पडला?" आईने विचारलं.

"फुकट," बाबा म्हणाले. "पोरगा शिकलाय."

परीक्षेत नेमका 'पैशाची आवश्यकता' हाच प्रश्न आला. मी दोन्ही बैलांसकट सगळा व्यवहार लिहिला आणि पैशाशिवायही बाजार चालतो हे सिद्ध केलं. तपासणाऱ्यांना ते पटलं असावं. मार्कांशिवायही पेपर चालतो, हे त्यांनी मला लगेच सिद्ध करून दाखवलं.