देवाच्या तुकड्यावर खणू नका

आम्ही गाव सोडलं तेव्हा बैलगाडीत एक पेटी, एक वळकटी, पितळेचा हंडा आणि मी, एवढंच होतं. आमचे हे बैलांच्या बाजूनं पायी चालत होते. बायकोशेजारी बसले असते तर लोकांनी आणखी नावं ठेवली असती, आणि आधीच काय कमी ठेवली होती! सासूबाई दारात आल्या नाहीत. जात्याच्या घरघरीतून त्यांचा आवाज तेवढा आला, "जा. तिकडं गेल्यावर तरी तोंड जपून उघड." मी पंधरा-सोळा वर्षांची. पाचोडला मोटार येईपर्यंत हमसून हमसून रडले आणि मोटारीत खिडकीशी जागा मिळाल्यावर रडायचं विसरले. अशी मी.

हे सगळं आज लिहायला बसले, कारण परवा भगवानचा फोन आला. भगवान माझ्या धाकट्या दिराचा नातू, गावीच असतो. "आजी, येत्या मंगळवारी देवाच्या तुकड्यावर मंदिराचा पाया खणायचा हाय. जेसीबी सांगून ठिवलाय. घरात तुम्हीच मोठ्या, पहिला नारळ तुमच्या हातानं." मी "बघते" म्हणून फोन ठेवला.

गावातल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून पुण्याला, नाशकाला, दुबईला गेलेल्यांनो, आधी हे वाचा. तो देव मी केलेला आहे. आणि त्या मातीत अजून एक न फुटलेला बॉम्ब असेल.

अठ्ठेचाळीस साली, निजामाविरुद्धच्या पोलिस अ‍ॅक्शनच्या दिवसांत आपल्या शिवारातून फौज गेली. रझाकार कुठं, फौज कुठं, आम्हाला काही उमगत नव्हतं. आम्ही बाया ओढ्याच्या घळीत तोंडात पदर कोंबून बसलो होतो. वर आपल्या रानाच्या अंगानं धप्प आवाज झाला, मग पुन्हा धप्प. फुटलं काहीच नाही. आवाज दोन होते, हे नीट ध्यानात ठेवा.

पुढं ज्वारी हुरड्यात आली आणि पाखरं राखायचं काम माझ्याकडं आलं. हातात गोफण, डोळ्यांत झोप. बांधावरच्या बाभळीखाली झोपायला जागा बघत होते, तर तिथं एक लोखंडी वस्तू रुतलेली. तोंड मातीत, वर शेपूट, शेपटीला कमळाच्या पाकळ्यांसारखी पाती. माझ्यासारख्या शहाणीच्या डोक्यात काय आलं? हे काय असेल, कुणाला विचारावं, असलं काही नाही. आलं ते असं, की ह्याला शेंदूर फासला तर इथं झोपता येईल. सासूबाई आल्याच तर म्हणायचं, देवापाशी बसले होते.

दुसऱ्या दिवशी पदरात शेंदूर-तेल बांधून नेलं आणि न फुटलेल्या बॉम्बला बोटांनी चोळून चोळून शेंदूर लावला. लहान बाळाला तेल लावावं तसा. आज ते आठवलं की माझीच बोटं मी मोजून घेते.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी मला घोरताना पकडलंच. मी डोळे चोळत म्हटलं, "आत्याबाई, देव निघालाय." त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग देवाकडं, आणि चपला काढल्या. महिन्याभरात तिथं ओटा झाला, निशाण लागलं. आभाळातून पडला आणि गावाला धक्का लावला नाही, म्हणजे जागृतच, असं ठरलं. मला बोलायला जागाच उरली नाही. खरं सांगायचं तर मलाही अधूनमधून तो देवच वाटायला लागला होता.

उन्हाळ्यात फौजेचे पाच-सहा जण आले. पडून राहिलेला दारूगोळा शोधत गावोगाव हिंडत होते. त्यांच्यातल्या सुभेदारानं चावडीपुढच्या धुळीत काठीनं चित्र काढलं: पोट, शेपूट, पाती. हुबेहूब आपला देव. "ऐसी चीज किसी ने देखी है?" तो म्हणाला, पलीकडच्या गावात एका मेंढपाळानं ही चीज उचलली, त्याचा हात मनगटापासून गेला.

सगळं गाव ते चित्र बघत होतं आणि सगळं गाव म्हणालं, "न्हाई बा, असलं काय न्हाई इथं." देवाला फौजेच्या हवाली कोण करणार? मीही पदराआडून नाहीच म्हटलं. पण त्या मेंढपाळाचा हात माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

आणि दुसरा दिवस मंगळवार. सासूबाईंनी नवस बोलला होता, माझ्याच पोटी मूल व्हावं म्हणून. एरवी नारळ बाजूच्या दगडावर फुटायचे. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज देवाच्या माथ्यावरच फोडायचा. कडक देवाला कडक नवस." मी ओटीचं ताट धरून शेजारी उभी. त्यांनी दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर नेला. चुड्यावरून पदर मागं सरकलेला मला दिसला. मनगट दिसलं.

मी ताट टाकून दिलं आणि त्यांच्या हातांना लोंबकळले.

"सोड! येडी झालीस व्हय गं?"

"आत्याबाई, देव न्हाई त्यो! मी केलाय! झोपायसाठी केलाय!"

सासूबाईंनी नारळ हळूच, अगदी अंडं ठेवावं तसा, जमिनीवर ठेवला. एका हातानं मला दंडाला धरून वीस पावलं मागं नेलं आणि मग थोबाडीत दिली. आधी लांब नेलं, मग मारलं. हे कळायला मला पुढं कितीतरी वर्षं लागली.

फौज अजून चावडीतच मुक्कामाला होती; बोलावणं गेलं आणि त्यांनी गाव ओढ्यात नेऊन बसवलं. देवाभोवती वाळूची पोती रचली, लांब तार ओढली. शिट्टी झाली. सासूबाईंनी माझं डोकं आपल्या मांडीत दाबून धरलं होतं. जमीन खालून उचलल्यासारखी झाली आणि बाभळीचे काटे आमच्यावर पडले. सुभेदारानं मला विचारलं, आवाज किती झाले होते? मी दोन बोटं दाखवली. मग त्यांनी लोखंडी सळ्या खुपसत दोन दिवस रान पालथं घातलं. दुसरा सापडला नाही. काळी माती, उन्हाळ्यातल्या हातभर भेगा, गिळला असेल. जाताना तो म्हणाला, "यहाँ हल मत चलाना."

देव बुडवणारी सून म्हणून आमचा हुक्का-पाण्याचा व्यवहार तुटला, आणि महिन्याभरात ती बैलगाडी निघाली.

औरंगाबादला गुलमंडीमागं एका खोलीत संसार मांडला. ह्यांना कापसाच्या जिनिंगात काम मिळालं. शेजारच्या खालाजानकडून मी दखनीतले 'नक्को' आणि 'हौ' शिकले, नळाच्या रांगेत भांडायला शिकले. आज क्रांती चौकाजवळ सातव्या मजल्यावर राहते, लिफ्टमध्ये वॉचमनला बटण दाबायला लावते. पण पहिली दोन-तीन वर्षं रस्त्यात खड्डा दिसला की मी त्याला वळसा घालून जायची.

पहिल्या बाळंतपणाला सासूबाई आल्या. बोचकं ठेवलं, कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडं बघून म्हणाल्या, "ह्ये तरी खरं हायेत का ह्येबी तूच केल्यात?" मी चोरून वर बघितलं, तर त्या हसत होत्या. मग बाळाला शेकता शेकता सांगितलं ते असं, "मी घसा फोडून सांगितलं, दुसरा बॉम हाय, नांगर घालू नगा. कुनी ऐकलं न्हाई. तुझा दीर औत घेऊन निघाला. मंग मी खड्ड्यावर धोंडा बसवला, शेंदूर लावला आन् म्हनलं, देव परतला, आता ह्यो तुकडा देवाचा. तवा बैल थांबलं. तुझी लबाडी लई कामाची निघाली बघ."

त्या गेल्या, दीर गेले, हेही गेले. तुकडा पडीकच राहिला, आणि का पडीक आहे हे माहीत असलेली मी एकटी उरले. आमच्या लबाडीनं इतकी वर्षं तुम्हाला राखलं आणि आता तीच तुम्हाला तिथं खणायला लावते आहे. ह्यात तुमची चूक नाही. सांगायचं मी टाळलं. नव्वदीच्या बाईनं थोबाडीत खायची भीती बाळगावी, हसाल तर हसा.

भगवान, पोलिसांना मी नातवाकडून कळवलं आहे. बॉम्ब शोधणारी माणसं येतील, त्यांच्याकडं आता सळ्या नाहीत, यंत्रं आहेत. ते म्हणतील तोवर तिथं कुदळही नको. दुसरा बॉम्ब निघालाच नाही, तर म्हातारीला खोटारडी म्हणा. सवय आहे मला.

मुलगा म्हणतो, तुझं आता तिथं कोण आहे? खरंच, तुमच्यातल्या निम्म्यांची तोंडंही मला ओळखता येणार नाहीत. पण जेसीबी येणार हे ऐकलं आणि मी डोळे मिटून अंतर मोजायला लागले. तुकड्यापासून विहीर साठ पावलं, विहिरीपासून शाळा चाळीस, शाळेच्या पुढं तुमची दारं. एकही पाऊल अडखळलं नाही.