जीन आखडेपर्यंत

ही गोष्ट कुणालाही पटणार नाही, म्हणून तर सांगतो. पटणाऱ्या गोष्टी कुणीही सांगेल, त्याला माझ्यासारखा म्हातारा कशाला लागतो? रंकाळ्यातल्या माशानं माझा चष्मा गिळला आणि आठवड्यानं काठाला आणून दिला, हे सांगितलं तेव्हाही सगळ्या गल्लीनं दात काढले होते. चष्मा आजही माझ्या नाकावर आहे. मासा तेवढा साक्षीला येत नाही.

तर काल, दिवसाढवळ्या, मला संभा कुंभार भेटला.

संभा म्हणजे माझा फौंड्रीतला जोडीदार. लाडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा तो मोठा पळा, दोन माणसांनी धरायचं असतं. पुढच्या दांड्याला संभा, मागच्याला मी आणि मधे लाल रस. तो गेला तेव्हा त्याची स्नेहल चौथीत होती. आता ती शिकून वेल्डर झालीय आणि उद्या सोमवारी कामाला लागतेय. काल तिन्हीसांजेला त्यांच्या सोप्यात बसून मायलेकींना मी ही गोष्ट जशी सांगितली, तशीच तुम्हाला सांगतो. मधे कुणी बोललं तर तेही सांगतो.

आधी पँटचं ऐका. कारखाना हातमोजे देणार, कातडी एप्रन देणार, तोंडावरची काच देणार. पँट मात्र ज्याची त्यानं आणायची. जाड आणि निव्वळ सुती पाहिजे, कारण सुताला ठिणगी लागली तर भोक पडतं, रबरी कापडाला लागली तर ते वितळून कातडीला चिकटतं. स्नेहलनं सगळा बाजार पालथा घातला. बायकांच्या दुकानात गेली की दुकानदार जीनचा पाय धरून ताणून दाखवायचा, "बघा ताई, कशी ताणतीय!" ही म्हणायची, "दादा, मला नाचायचं न्हाई, वेल्डिंग करायचंय." मोठ्या दुकानात एक खरी कामाची जीन मिळाली, गुडघ्याला डबल कापड लावलेली. तिच्यावरची किमतीची चिठ्ठी वाचली आणि पोरीनं ती तापलेल्या तव्यासारखी खाली ठेवली. पहिला पगार व्हायचाय अजून.

शेवटी आठवडी बाजारात पुरुषांच्या ढिगाखालून एक ओढून काढली. कापड असं, की जमिनीवर ठेवली तर जीन आपली आपण उभी राहते. कंबरेला पट्ट्यानं भागलं, लांबीला मात्र वीतभर जास्त. पोरीनं खाली दोन घड्या मारल्या आणि आरशापुढं उभी राहिली.

"काप की ती," मी म्हटलं.

"आत्ताच कशाला, तात्या? दोन-चार धुण्यात आखडंल. आखडंपर्यंत दुमडून घालतो."

चुलीपुढं शालन, तिची आई, भाकरी थापत होती. तिचा हात पिठात तसाच थांबला.

तुम्हाला यात काय वाटणार? पण आमच्या फौंड्रीत नवी जीन कुणीच कापत नसे. जाड सूत आखडतं. आधी कापली तर पुढं पाय उघडा पडतो आणि रस सरळ बुटात उतरतो. म्हणून आखडेपर्यंत दुमडायची, हा आमचा सगळ्यांचा शहाणपणा. आता सरळ पायावर ठिणगी पडली तर घरंगळून जाते, घडीत पडली तर वाटीत पडल्यासारखी बसते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण म्हणायचं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. त्या दिवशी संभाच्या अंगावर नवी जीन होती. पुढचं सांगत नाही. पाय चिघळला, ताप चढला आणि माणूस गेला, एवढं पुरे.

स्नेहलला हे असं कालपर्यंत कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला एवढंच माहीत, की बाप भाजून गेला. शालन तर नोकरीची बातमी आल्यापासून पोरीशी बोलतच नाही. जे काही असेल ते माझ्यामार्फत. "तात्या, तिला सांगा, भाकरी झाकून ठेवलीया." पोरगी तीन हातांवर बसलेली असते. "तात्या, आईला सांगा, मला भूक न्हाई." असा मी मधला टपालवाला.

कालही पिठाचा हात झटकून शालन परसात निघून गेली. पोरगी जीन खुंटीला अडकवून बूट आणायला शहरात गेली. मी सोप्यातल्या बाजेवर आडवा झालो. चैताचं ऊन, वर पत्रा, पंख्याला वीज नाही. डोळे मिटतात न मिटतात तोच पायथ्याशी कुणीतरी बसतं.

माणूस बसला की बाज खाली जाते. ही वर उचलली जाते.

"मेला न्हाईस व्हय अजून?"

आवाज ओळखायला मला वेळ लागत नाही. "तुझी जागा रिकामी हाय म्हणून बोलवायला आलायस?"

"छ्या. तुला तिथं कोण घेणार? तिथं खोटं चालत न्हाई." संभा हसतो. अंगावर तोच खाकी शर्ट, खांद्यावर तोच पंचा. पाय मात्र मला दिसत नाहीत, बाजेच्या पलीकडं आहेत. मी मान उंच करतो तशी बाज लांब होत जाते.

"पोरीची पँट कुठाय?" तो विचारतो.

मी खुंटीकडं बोट करतो. खुंटी आहे, भिंत नाही. खुंटीच्या पलीकडं दुसरी खुंटी, तिच्या पलीकडं तिसरी आणि सगळ्यांवर जीन लटकलेल्या. आम्ही आठवडी बाजारात उभे आहोत. विकणारं कुणी नाही, घेणारंही कुणी नाही. वारा नाही तरी जीन हलताहेत. नीट बघतो तर सगळ्यांचे पाय भरलेले आहेत, गुडघे आहेत, पोटऱ्या आहेत. कंबरेच्या वर फक्त काही नाही.

"घाबरू नगंस," संभा म्हणतो. "कामावर निघाल्यात त्या."

तो एकेका जीनपुढं थांबतो. शिवणीतून सुटलेला दोरा चिमटीत धरतो. त्याच्या बोटाचं टोक लाडलच्या काठासारखं लाल आहे. दोरा आक्रसतो, त्याची काळी, कडक गोळी होते. "रबर," म्हणतो. पुढची जीन. पुन्हा गोळी. "रबर." ज्या जीनचा दोरा गोळी होतो तिचे पाय वळवळायला लागतात, जसं काही आत कुणाला तरी चटका बसतोय. मी डोळे मिटतो. मिटले तरी दिसतं.

शेवटच्या खुंटीवर स्नेहलची जीन. दोरा भुरुभुरु जळतो, कागदाचा वास येतो आणि पांढरी राख त्याच्या तळहातावर पडते.

"पोरगी बापावर गेलीया," तो म्हणतो. "माल वळखती."

"मग झालं की. चल, चहा घेऊ."

तो हसायचा थांबतो. खाली वाकून जीनच्या घडीवर बोट ठेवतो. "आनि ह्ये?"

"आखडंल की, संभा. चार धुण्यात—"

हे मी बोलतो आणि माझ्या हातात दांडा येतो. मागचा दांडा. पुढं संभाची पाठ, मधे रस. भट्टीचा घरघराट आहे, पण लांबून यावा तसा. पायाखाली काळी वाळू. आता त्याचे पाय मला दिसतात. नवी कोरी जीन, खाली दोन घड्या, कशा छान एकसारख्या.

मला ओरडायचंय. तोंड उघडतो तर त्यातून वाळू पडते.

"बघून घे," संभा मागं न वळता म्हणतो. "त्या दिशी तू साच्याकडं बघत हुतास. कुनीच बघितलं न्हाई."

लाडल कलतं. एक थेंब, हापूसच्या रसासारखा केशरी, काठावरून सुटतो. जमिनीवर आपटतो. उडतो. सावकाश, अगदी सावकाश, कैरीला मारलेला दगड चुकावा तसा माझा पाय चुकवतो आणि त्याच्या घडीत जाऊन बसतो. मुकाट बसतो. जसं काही त्याचं घर तिथंच होतं. घडीतून धुराची बारीक रेघ वर येते.

"लागलं काय रे?" मी विचारतो. वाळू गेलीय, पण आवाज फार उशिरा फुटलाय.

"लागत न्हाई लगेच," तो म्हणतो. "म्हणून तर लोकांना वाटतं, काय झालं न्हाई."

इथं स्नेहलनं मला थांबवलं. सोप्यात अंधारून आलं होतं, नवे बूट तिच्या मांडीवर होते. "तात्या, बाबा असंच भाजलं? घडीत?"

मी म्हटलं, "मी कुठं म्हणतोय? संभा म्हणतोय. मधे बोलू नगं, स्वप्न तुटतं."

शालन कोपऱ्यात कोथिंबीर निवडत होती. मान खाली. काड्या आणि पानं एकाच ताटात टाकत होती, हे मी चष्म्यातून बघितलं.

पुढं ऐका. भट्टीच्या जागी आता चूल आहे, ह्याच घराच्या परसातली. चुलीवर मोठा हंडा खदखदतोय. संभा जीन उकळत्या पाण्यात बुडवतो, कोपरापर्यंत हात घालून. पाणी निळं होतं, मग काळं, मग परत निळं. हात भाजत नाहीत. तो खळखळून हसतोय, जत्रेत हसायचा तसा.

"चार धुणी कशापायी, तात्या? एकदा उकळून काढ, काय आखडायची ती आखडती. मग काप. एवढं आमच्या एकाच्या बी डोस्क्यात आलं न्हाई बघ!"

जीन दोरीवर पडते आणि ऊन तिला बघता बघता पिऊन टाकतं. कात्री चालते. शालनच्या शिवणयंत्रावर संभा बसतो. पायटा हलतोय, चाक फिरतंय, आवाज मात्र एवढासाही नाही. दारात शालन उभी आहे, पाठमोरी. मी हाक मारतो. ती वळत नाही.

"हिला काय सांगू?" मी संभाला विचारतो.

"काय नगं. तिला ठावं हाय."

"मग पोरीला?"

तो दोरा दातानं तोडतो. कापलेली पट्टी उचलतो आणि माझ्या मुठीत कोंबतो. थंडगार बोटं. लाल टोक आता विझलंय, कोळशासारखं काळं.

"तिला म्हणावं, जा," तो म्हणतो. "पर सरळ पायानं जा."

आणि बाज धपकन खाली येते.

मी उठलो तेव्हा उन्हं कलली होती. घरात चिटपाखरू नव्हतं. खुंटी रिकामी. परसात दोरीवर जीन, कंबरेला अजून जराशी दमट, खाली सरळ कापलेली, दुहेरी टीप घातलेली. घडी नाही. आणि माझ्या ह्या मुठीत, देवाशप्पथ, ही निळी पट्टी!

मी पट्टी दिव्यापुढं धरली. स्नेहलनं हात पुढं केला, पण लावला नाही. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं, जिंकली. ह्या जन्मात एक तरी गोष्ट कुणाला तरी पटली.

तेवढ्यात कोपऱ्यातून ताट सरकवल्याचा आवाज आला.

"पाय दोन असत्यात, तात्या," शालन म्हणाली. "पट्ट्या बी दोन."

तिनं पदराची गाठ सोडली. आतून दुसरी पट्टी काढली आणि माझ्या पट्टीशेजारी ठेवली. तोच निळा रंग, तीच रुंदी.

"ती तुमी मशिनीखालनं उचललीसा. घोरतासा कुठं, एक डोळा उघडाच हुता तुमचा. पाणी मी तापवलं. कापली मी, शिवली मी." तिनं पदर तोंडाला लावला, परत काढला. "आनि त्यो हसत न्हवता. कशाला हसंल? आज पहाटं आला तवा परसाच्या दारात नुसता उभा हुता. आत ये म्हटलं तर आला न्हाई. पायाकडं बोट केलं आनि तसाच उभा ऱ्हायला, मी चूल पेटवंपर्यंत."

माझ्या अंगावर काटा आला तो मी शर्टाच्या बाहीखाली झाकला.

मग तिनं मला ओलांडून, मधल्या टपालवाल्याला वगळून, सरळ पोरीकडं बघितलं.

"सोमवारी घालताना बुटावरनं सोड, स्नेहल. बुटात खोचू नगंस. आनि डबा मी सातला भरती."