केसपेपरच्या रांगेत मी काय बोलले

ह्या गोष्टीतला बाकीच्यांचा गुन्हा मी जागोजागी सांगितलाय. माझा—आजवर कुणालाच न्हाई. आज तुम्हाला सांगते.

मी परतूरला धंदा करायचे. मंग एका संस्थेनं मला पिअर केलं. म्हंजे काय, तर आपल्यातल्याच बाईनं बायांना कंडोम द्यायचे, वापरायचं समजावायचं, रक्त तपासायला न्यायचं. शिकलेल्या ताईसमोर बाया तोंड उघडत न्हाईत, माझ्यासमोर उघडायच्या. का? मी त्यांच्यातली, म्हणून. दुसरं काय होतं माझ्यापाशी?

रेखा मंठ्याची. बिगर कंडोमच्या गिऱ्हाइकाला परत पाठवायला मीच तिला शिकवलं. तपासणीला मात्र ती लई भ्यायची. मी म्हणलं, "मी हाय ना बराबर." तवा आली.

दवाखान्यात केसपेपर काढणारी बाई सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणली, "धंदेवाल्या तिकडं बाजूला व्हा." मंग माझ्याकडं वळली, "तू बी त्यातलीच का?"

रांगेत माझ्या गल्लीतली एक बाई उभी होती. म्हणून काय झालं? रेखाला गल्ली न्हाई?

मी म्हणले, "न्हाई हो म्याडम. मी संस्थेची. असल्या बायांना घेऊन यावं लागतं."

असल्या बायांना. ह्याच तोंडानं बोलले.

रेखानं माझ्याकडं पाह्यलंसुद्धा न्हाई. रक्त न देताच निघून गेली. मी मागं पळाले का? न्हाई. तिथंच उभी राह्यले—हसत.

पुढं रेखाला टीबी झाला, अंगावर मास राह्यलं न्हाई, तवा कुठं तपासणी झाली. एचआयव्ही निघाला. त्या दिवशी रक्त दिलं असतं तर गोळ्या तवाच चालू झाल्या नसत्या का? आता चालू हायेत. पण छाती कामातून गेली. जिना चढताना मधीच बसते.

अन् मी? दर ट्रेनिंगला त्या केसपेपरवाल्या बाईला तावातावानं शिव्या घालते. तिचा संताप मला खराच येतो. पण रेखा काय तिच्या भरवशावर आल्ती?

मागं जालन्याच्या ट्रेनिंगात तेच सांगून राह्यले होते, अन् दाराजवळ रेखा दिसली. ती येणार हे मला ठाऊक नव्हतं. थांबले का मी? न्हाई. तिच्याकडं बघत, माझं वाक्य गाळून, शेवटपर्यंत सांगितलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रेखानंबी वाजवल्या.