चिंचेखाली ठेवलेली विडी

मंडळी, आज दुपारी वडूजहून कडेगावला येताना आमच्या ड्रायव्हरने एका वळणावर गाडी थांबवली. तिथल्या चिंचेखाली म्हणे भूत आहे आणि विडी ठेवल्याशिवाय ते कुणाला सुखरूप जाऊ देत नाही.

"ठेवा सायेब, न्हाईतर पंक्चर ठरल्यालं," तो म्हणाला. मला अशा जागा बघायची भारी हौस. मी दगडावर विडी ठेवली आणि फोटोही काढला.

तेवढ्यात शेजारच्या उसातून एक म्हातारी आली. दगडावरच्या सगळ्या विड्या तिने पदरात गोळा केल्या, माझीसुद्धा.

"आवं मावशी, त्याला राग यील की!" ड्रायव्हर घाबरला.

"कुणाला रं? माझ्या पोराला? मिल्ट्रीतनं सुट्टीवर आल्याला, हितंच ट्रकखाली गेला. विडीचा वासबी सोसायचा न्हाई त्याला. घरात कुणी वढली तर भायेर जाऊन बसायचा. आन् तुमी रोज त्याच्याच म्होरं विड्या ठेवताय."

मी माफी मागितली, फोटो काढून टाकला.

आम्ही निघालो तेव्हा ती काचेपाशी आली आणि हळूच म्हणाली, "पर लोकांना त्यो दिसतो म्हंत्यात. खरंच दिसतो व्हय? मी रोज येते. मला कवाच न्हाई दिसला."

"विचारून कळवतो, मावशी," मी म्हणालो.

तुमच्यापैकी त्या रस्त्याने जाणारे बरेच आहेत. चिंचेखाली कुणाला खरंच कुणी दिसलं असेल, तर सांगा. तिला काय कळवू?